खालच्या बाकावर

१

आमच्या खोऱ्यातले रस्ते एका गाडीपुरतेच. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची झुडपांची कुंपणं, सप्टेंबर संपताना त्यांत ब्लॅकबेरी लगडलेल्या, आणि समोरून गाडी आली की दोघांपैकी एकाने मुकाट्याने मागे जायचं. मध्ये मध्ये रस्ता थोडा रुंद केलेला असतो, तिथे अंग चोरून उभं राहायचं. दुसरा पुढे निघून जाताना स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. आपणही उचलायचं. हसण्याची गरज नाही, ओळख असण्याची तर मुळीच नाही. बोटाला बोट दिलं की काम झालं, तो त्याच्या वाटेने, आपण आपल्या.

माझ्या नवऱ्याने, गेथिनने, जन्मभर याच रस्त्यांवर शाळेची बस चालवली. गावात अजूनही त्याला गेथिन बस म्हणतात. मी टपालाच्या खिडकीत बसायचे म्हणून मी एलुनेड पोस्ट. त्याची बोट उचलायची सवय इतकी मुरलेली की घरी जेवणाच्या टेबलावर मीठ पुढे केलं तरी एक बोट वर होतं. मलाही ती लागली आहे. त्याच्या शेजारी बसून मीही समोरच्या गाडीला बोट करते.

"तू कशाला करतेस?" तो म्हणायचा. "गाडी काय तू चालवतेयस?"

"गाडी तू चालव. मी तुला चालवते."

यावर तो पूर्वी खूप हसायचा. अलीकडे नुसतं "हं" म्हणायचा.

शाळा उघडल्या आणि सुट्टीची गर्दी ओसरली की आम्ही दर वर्षी किल्ले बघायला निघतो. हौस त्याची. मला दगडांचं काही नाही, पण त्याला एकट्याला सोडण्यापेक्षा दगड परवडले. माझा गुडघा गेल्यापासून आमचं ठरून गेलेलं आहे. तो चढतो. मी खालच्या बाकावर टोपली घेऊन बसते. टोपलीत चहाचा थर्मास आणि लोणी लावलेला मनुकांचा ब्रेड. तो वर पोचला की कठड्याशी येतो, दोन्ही हात पसरून उंच करतो आणि मग उजवा हात डोक्यावर आपटतो, टोपी उडतेय असं दाखवत. आमच्या लग्नाआधी क्रिकिएथच्या वाऱ्यात त्याची टोपी खरंच उडाली होती आणि मी समुद्रात पोटरीपर्यंत शिरून ती आणून दिली होती. तेव्हापासूनची ती खूण. जगात ती फक्त माझ्यासाठी आहे.

खूण दिसली की मी चहा ओतते. बाहेरचा मोठा कप त्याचा, आतला छोटा माझा. तो खाली येईपर्यंत चहा पिण्याजोगा होतो. बिनसाखरेचा, कारण डॉक्टरांनी त्याची साखर बंद केली आहे आणि डॉक्टरांच्या वतीने पहारा मी करते. तो तोंड वाकडं करतो आणि पितो.

२

हार्लेकच्या किल्ल्याच्या आवारात त्या दिवशी एक परदेशी जोडपं आणि भरपूर कावळे, एवढेच होते. आभाळ खाली आलेलं. मी बाकावर बसले आणि वर बघत राहिले.

गेथिन तटावर आला. मी हात वर केला. त्याने दोन्ही हात पसरले, उंच केले, मग डोक्यावर हात आपटला. सगळं बरोबर. फक्त तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याचं तोंड आवाराच्या पलीकडच्या टोकाला होतं, तिथल्या पडक्या चॅपलच्या, जुन्या प्रार्थनाघराच्या, भिंतीकडे. तिकडे बघून तो हसला. इतक्या दुरूनही मला कळलं, कारण हसताना त्याचे खांदे हलतात.

डोळ्यांवर ऊन आलं असेल म्हणावं तर ऊन नव्हतं.

माझ्या मनात पहिल्यांदा आली ती बाई. भूतबीत काही नाही. कोणीतरी बाई. मी उठून तिकडे जाईपर्यंत, माझ्या गुडघ्याच्या वेगाने, भिंतीमागे कोणी नव्हतं. ओलं गवत, एक मोडका दगड. परदेशी जोडपं तर दुसऱ्याच बुरुजावर होतं. मी परत येऊन बसले, चहा ओतला आणि वाट पाहिली. चहा निवला तरी गेथिन आला नाही. आला तेव्हा तो चॅपलच्या बाजूनेच आला.

मी कप पुढे केला.

"आता नको," तो म्हणाला. "किती पाजशील? पुढे बाथरूमसाठी गाडी थांबवायला लागेल."

"किती म्हणजे? हा पहिलाच."

"अगं, आत्ताच तर दिलास. तिथे." त्याने भिंतीकडे मान वळवली.

"मी इथे बसलेय, गेथिन."

"आता बसलीयस ना." तो ब्रेडचा तुकडा घेऊन चालायला लागला. ओठांवरून त्याने जीभ फिरवली, गोड खाल्ल्यावर फिरवतात तशी.

गाडीत मी त्याला काही विचारलं नाही. तो चेष्टा करत असणार, असं मी स्वतःला तीन वळणं सांगितलं. पण तो चेष्टा करत असला की आधी स्वतःच हसतो, आणि आता तो हसत नव्हता. गुणगुणत होता. गेथिनचा गळा चांगला. तो गावच्या गायनमंडळात होता, तिथे पेटीवर मेरेरिड नावाची एक बाई असायची आणि तालमीला मी स्वतः जाऊन पहिल्या रांगेत बसायचे, विणकाम घेऊन. मी कधी कोणाला एक शब्द बोलले नाही. पुढे त्याने आपणहूनच मंडळ सोडलं आणि गाणंही. इतक्या वर्षांत मी त्याच्या गळ्यातून सूर ऐकला नव्हता. आता तो गुणगुणत होता आणि ते मला उद्देशून नव्हतं.

३

रात्र आम्ही मिसेस प्रोबर्टकडे काढली. त्या घरातल्या दोन खोल्या प्रवाशांना देतात. सकाळी मला उठायला उशीर झाला, गेथिन आधीच न्याहारीला गेला होता. मी कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते तर मिसेस प्रोबर्ट खालून किटली घेऊन येताना माझ्याकडे बघून थबकल्या.

"अय्या, परत वर गेला होतात होय? मी म्हटलं, बसल्या असतील मिस्टरांजवळ."

"मी आत्ताच उतरतेय."

"आत्ताच काय, मघाशी तुम्हीच तर सांगून गेलात. त्यांच्या चहात दोन चमचे साखर." त्यांनी डोळे मिचकावले. "मी घातली हं दोन. आणि काय हो, गुडघ्याला कसलं औषध लावता? रात्री लंगडत आलात आणि सकाळी जिना नुसता उडत उतरलात."

मी कठडा सोडला नाही. पायरीवरून मला जेवणघराचं दार दिसत होतं, अर्धं उघडं. आतून कपात चमचा फिरल्याचा आवाज येत होता. गेथिन हळू आवाजात काहीतरी म्हणाला. चमचा थांबला. मी दार ढकललं तेव्हा तो एकटा होता. समोरची खुर्ची टेबलापासून थोडी मागे सरकवलेली होती.

तो कप मी उचलून सिंकमध्ये ओतून टाकला.

माझ्या आईला शेवटी काही आठवेनासं झालं होतं. ती आरशातल्या बाईला चहा घेणार का विचारायची, आणि ती घेत नाही म्हणून रागवायची. त्या सकाळी मी विचार केला की मलाही तेच सुरू झालं. मीच खाली गेले, मीच सांगितलं, परत वर येऊन झोपले आणि विसरले. हार्लेकलाही मीच उठून भिंतीमागे गेले असेन. हे कारण वाईट होतं, पण पटण्यासारखं होतं. खरं सांगते, मी त्या कारणाला घट्ट धरून बसले, कारण त्यात दुसरी बाई नव्हती.

पण मग साखर? मी माझं नाव विसरेन, घरची वाट विसरेन, पण त्याला दोन चमचे साखर घालीन? मेले तरी नाही.

४

कॉन्वीला पोचलो तेव्हा पाऊस नुकताच भुरभुरून गेला होता. मी टोपली घेऊन बाकाशी गेले, बाक ओलं होतं, मी रुमालाने पुसण्याचं नाटक केलं. गेथिन बुरुजाच्या दारात शिरला. तो दिसेनासा झाला तशी मी टोपली उचलली आणि किल्ल्यातल्या जुन्या स्वयंपाकघराच्या पडक्या भिंतीमागे जाऊन उभी राहिले. तिथून मला बुरुजाचा माथा दिसत होता. बाक दिसत नव्हतं, मध्ये कोपरा येत होता. त्याला आता इलाज नव्हता.

माझं वय झालंय. मी आजी आहे. आणि मी भिंतीआड उभी राहून नवऱ्यावर पाळत ठेवत होते, आणि कोणी विचारलं असतं तर म्हटलं असतं की दगड बघतेय.

गेथिन माथ्यावर आला. त्याने खाली, बाकाकडे पाहिलं. हात पसरले, उंच केले. डोक्यावर हात आपटला. आणि मग तो थांबला, खालून काहीतरी उत्तर आलं असावं तसा. त्याने मान मागे टाकली आणि मोठ्याने हसला. त्या हसण्याचा आवाज भिंतींवरून फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. मी ते हसणं ओळखलं. क्रिकिएथला मी भिजलेली टोपी त्याच्या डोक्यावर घातली तेव्हा तो तसा हसला होता.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी निघाले. गुडघ्यातून कळ आली तरी थांबले नाही, कोपरा वळले.

बाकावर कोणी नव्हतं.

बाक ओलं होतं, पावसाच्या थेंबांनी भरलेलं, आणि माझ्या नेहमीच्या टोकाला एका माणसाच्या बसण्याइतकी जागा कोरडी होती. मी त्यावर हात ठेवला. लाकूड कोमट होतं. बाजूच्या ओल्या भागावर एक गोल उमटला होता, कप ठेवल्यावर उमटतो तसा, मोठ्या कपाचा. आमचा मोठा कप माझ्या हातातल्या टोपलीत होता, थर्मासवर घट्ट बसवलेला.

मी त्या कोरड्या जागेवर बसले. दुसरीकडे का बसू? ती माझी जागा होती. ऊब कोटातून लागत होती आणि ती माझी नव्हती, हे मला सहन होत नव्हतं.

"तुझा रुमाल कुठे गेला?" गेथिन खाली येऊन म्हणाला. "आत्ता डोक्याला बांधला होतास, छान दिसत होता."

५

"ती कशी आहे?" मी गाडीत विचारलं.

"कोण?"

"जिच्याबरोबर तू चहा पितोस ती."

गेथिनने माझ्याकडे पाहिलं आणि परत रस्त्याकडे. समोरून दुधाचा टँकर येत होता. तो मागे गेला, रुंद जागेत गाडी घातली. टँकरवाल्याने बोट उचललं, यानेही उचललं. मी हात मांडीवरच ठेवला.

"एलुनेड, मी तुझ्याबरोबर चहा पितो. दुसऱ्या कोणाबरोबर पिणार?"

"मी तुला साखर घालते का?"

"कालपासून घालतेस. मला वाटलं, विरघळलीस." तो जपून बोलत होता, शाळेच्या बसमध्ये रडणाऱ्या पोराशी बोलावं तसा. "एवढ्या थोड्या साखरेने काय होतंय, असं तूच म्हणालीस."

"आणि काय म्हणाले मी?"

"विशेष काही नाही."

"काय म्हणाले, गेथिन?"

"मेरेरिडचा विषय निघाला. म्हणालीस, बिचारीने चांगली साथ केली तुला, तू परत जा मंडळात. हसलीस." त्याने गिअर बदलला. "खूप दिवसांनी हसलीस. मला बरं वाटलं."

मी खिडकीबाहेर बघितलं. कुंपणाची झुडपं काचेला घासत होती. मला रडू येत होतं आणि रडण्यासारखं नक्की काय झालं हे सांगता येत नव्हतं. नवरा म्हणत होता की त्याला माझ्याबरोबर बरं वाटलं. एवढंच.

"टोपलीत साखर नाही," मी म्हणाले. "चमचा नाही. बघ पाहिजे तर."

"पिशवीत असेल."

"माझ्याकडे पिशवी नाही."

पुढच्या वळणावर तो परत गुणगुणायला लागला आणि त्याचं त्यालाही कळलं नसावं, कारण माझ्याकडे बघून तो दचकून गप्प झाला. आधी असा दचकायचा नाही. मी शेजारी आहे हे तो विसरला होता.

लग्न झाल्यावर कित्येक वर्षं तो मला करीअद म्हणायचा, म्हणजे आमच्या भाषेत लाडके. मग कधीतरी मी एलुनेड झाले. तेव्हा मला ते जाणवलंही नव्हतं. आता गाडीत मी मोजायला बसले की सकाळपासून त्याने मला किती वेळा एलुनेड म्हटलं, आणि मोजणं थांबवलं.

६

शेवटचा किल्ला कास्टेल वाउर. त्याचं फारसं काही उरलेलं नाही, एक बुरुज, अर्धी भिंत आणि खाली मैदानात एक बाक. फाटकाशी लाकडी टपरीत तिकिटं देणारी बाई विणत बसली होती. रस्ता गाडीतळापासून टेकडीला वळसा घालून उतरतो, आणि शेतातून एक पायवाट थेट त्याला खाली मिळते.

"आज मी चढणार," मी म्हणाले. "तू बस."

"गुडघ्याचं काय?"

"गुडघा माझा आहे."

त्याने वाद घातला नाही. मला वाटलं होतं घालील. त्याने टोपली घेतली आणि बाकाकडे गेला, बऱ्यापैकी झपाझप. मी त्याला तिथे बसवूनच बुरुजात शिरले. माझं डोकं शांत होतं. वरून बाक पुरतं दिसतं, कोपरा नाही, भिंत नाही. तो खाली आणि मी वर, म्हणजे तिला बसायला जागाच नाही. आली तर मला दिसेल. आली नाही तर माझं डोकं फिरलंय, आणि मग घरी जाऊन डॉक्टरकडे जाईन. दोन्हीला माझी तयारी होती.

आत जिना गोल फिरत वर जात होता. भिंतीला दोर बांधलेला, धरायला. अंधार होता, पण अधूनमधून बाण मारायच्या फटी होत्या आणि तिथून उजेडाची एक पट्टी येत होती. मी एक पाय ठेवायचे, दुसरा ओढायचे, श्वास घ्यायचे. पहिल्या फटीतून वारा आला. दुसऱ्या फटीपाशी मी थांबले, तेव्हा खालून थर्मासचं झाकण फिरल्याचा आवाज आला. ते आपलं, गेथिनच चहा ओतून घेत असेल.

मग चमचा. कपात चमचा फिरत होता, सावकाश, साखर विरघळेपर्यंत फिरवतात तसा.

फटीतून फक्त गवत दिसत होतं. मी तोंड फटीला लावलं. दगड गार होता आणि त्याला ओल्या मातीचा वास होता. मला वाटलं हाक मारावी. पण हाक मारली तर ती निघून जाईल आणि परत मीच खोटी ठरेन. मी चढत राहिले. गुडघा आता दुखत नव्हता, की मला कळत नव्हतं. पुढच्या फटीतून गेथिनचं गाणं ऐकू आलं. गुणगुणणं नाही, गाणं, पूर्ण गळ्याने. ते थांबलं आणि तो म्हणाला, "अगदी तसाच झालाय चहा, करीअद."

हे तो मला म्हणत नव्हता. मी जिन्यात होते.

त्यावर कोणीतरी बोललं. शब्द कळले नाहीत. आवाज ओळखीचा वाटला आणि नाहीही वाटला, स्वतःचा आवाज कुठेतरी रेकॉर्ड केलेला ऐकला की वाटतो तसा.

मी माथ्यावर आले. कावळे उडाले. मी कठड्याला धरलं आणि खाली पाहिलं.

बाकावर दोघं होते. गेथिन त्याच्या बाजूला, मोठा कप दोन्ही हातांत धरून. आणि माझ्या टोकाला मोहरी रंगाचा कोट. माझा कोट माझ्या अंगावर होता, मी त्याची बाही धरून बघितली. खालचा कोट पाठमोरा होता. पांढरे केस, मानेशी कापलेले. माझ्या केसांची मागची बाजू मी कधी धड पाहिलेली नाही, तरी ती मी ओळखली. तिने त्याच्या मांडीवर हात ठेवला होता, सहज, तो तिथेच असायचा असतो अशा तऱ्हेने. तिला त्याच्यावर पहारा करायचा नव्हता. ती मैदानाकडे तोंड करून नुसती बसली होती.

मला भीती वाटली असती तर बरं झालं असतं. मला वाटलं ते एवढंच, की उठ. माझ्या जागेवरून उठ.

मी दोन्ही हात पसरले आणि उंच केले. मग उजवा हात डोक्यावर आपटला. परत केलं. परत एकदा. "गेथिन," मी ओरडले, पण वारा समोरचा होता.

त्याने मागे वळून वर पाहिलं. डोळ्यांवर हाताची सावली धरून पाहिलं. मग तिच्याकडे वळून काहीतरी विचारलं, वर कोण बाई हातवारे करतेय असं काहीतरी विचारावं तसं. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. नुसती मान हलवली. दोघं हसले, खांदे हलवून, एकदमच.

मग त्याने कप झटकला, झाकण लावलं, टोपली उचलली. ती उठली. गाडीतळाकडे ती त्याच्या पुढे चालत गेली, दोन्ही पायांवर सरळ.

७

जिना मी कसा उतरले ते मला आठवत नाही. दोराने तळवे सोलले होते, ते नंतर दिसलं. टपरीतली बाई विणता विणता म्हणाली, "एकट्याच आला होतात का?" मी तशीच फाटकातून बाहेर पडले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. गाडीला टेकडीचा वळसा होता. मी पायवाटेला लागले.

मी धावले. ओल्या गवतातून, मेंढ्यांमधून, माझ्या त्या गुडघ्यावर मी धावले, आणि मनात काय काय म्हणायचं ते जुळवत होते. तिला काही म्हणणार नव्हते. त्याला म्हणणार होते. साखर घालीन म्हणणार होते. मंडळात जा म्हणणार होते, मेरेरिडला घरी जेवायला बोलाव म्हणणार होते. फक्त गाडीचं दार उघड आणि मला आत घे.

मी रस्त्यावर उतरले तेव्हा गाडी वळणावरून येतच होती. रस्ता एका गाडीपुरता. मी मध्ये उभी राहायला हवी होती. पण जन्मभर या रस्त्यांवर वावरलेलं माणूस गाडी बघून काय करतं? मी बाजूला झाले, झुडपांत पाठ घातली, अंग चोरलं.

गेथिनने वेग कमी केला. तो रस्त्यात दिसलेल्या कोणासाठीही करतो. काच थोडी उघडी होती आणि तो गात होता. शेजारी ती होती, त्याच्याकडे वळलेली, त्यामुळे मला तिच्या चेहऱ्याची कड तेवढी दिसली, गाल आणि ओठाचा कोपरा. ती हसत होती. मी हसताना कशी दिसते हे मला माहीत नव्हतं. चांगली दिसते.

गेथिनने माझ्याकडे पाहिलं. अगदी नीट, डोळ्यांत पाहिलं. बस चालवणाऱ्याची नजर होती ती. बाजूला एक बाई उभी आहे, जागा आहे, जाता येईल. त्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं.

मी त्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं होतं. नाव बाहेर पडायच्या आत माझं बोट वर गेलं होतं.

गाडी पुढच्या वळणावर दिसेनाशी झाली.